चार कोंबड्या एका रात्रीत गेल्या, उरलेल्या दोन ठेवायच्या का?

आधी मुंगसाला सोडून द्या, त्याचा यात काही हात नाही. मुंगूस दिवसाचं जनावर आहे, रात्री ते स्वतःच बिळात झोपलेलं असतं.

तुम्ही लिहिलंय की बावधनला बंगल्याच्या मागे सहा कावेरी जातीच्या कोंबड्या होत्या, आठ महिन्यांच्या, रोज चार-पाच अंडी मिळत होती, आणि मागच्या आठवड्यात एका रात्रीत चार गेल्या. दोन खुराड्यातच पडलेल्या पण मुंडकी गायब, दोन सापडल्याच नाहीत, जाळी कुठे फाटलेली नाही. आता पाचवीतली लेक अंड्याला हात लावत नाही, घरचे म्हणतायत उरलेल्या दोन देऊन टाका, आणि तुम्ही विचारताय की मुंगसाचा पिंजरा कुठे मिळेल आणि आमचं चुकलं काय.

मी किरकटवाडीला सोळा वर्षं कोंबड्या पाळतेय, कधी सहा, कधी बावीस, सध्या अकरा. तुमच्यासारखी सकाळ मी पण बघितलीय, एकदा नाही, चारपाचदा. त्यामुळे धीर वगैरे नंतर देते, आधी काय झालं असेल ते बघू.

जाळी शाबूत, धड आत, मुंडकं नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा असा की कोंबडी जाळीला टेकून झोपली होती आणि बाहेरून कोणीतरी पंजा घालून मान ओढली. मांजर करतं, उदमांजर करतं, तुमच्याकडे मागे टेकडी आणि झाडी आहे म्हणजे उदमांजर असणारच, ते रात्रीचं फिरतं आणि झाडावरनं, पत्र्यावरनं कुठूनही येतं. तुम्ही जी षटकोनी भोकांची जाळी लावलीय ना, दुकानात जिला कोंबडी जाळी म्हणतात, ती हाताने वाकते हो, आणि मांजराचा पंजा त्यातून आरामात जातो. आणि ज्या दोन सापडल्या नाहीत त्या दाराखालून गेल्या असणार. आत्ता जाऊन दाराच्या खाली हात घालून बघा, तुमची मूठ गेली तर उदमांजर पण जातं, आणि झटापटीत दार थोडं उचललं गेलं की कोंबडी ओढून काढायला तेवढं पुरतं.

तुम्हाला वाटतंय की आपण झोपलो होतो आणि त्या ओरडत होत्या. बऱ्याचदा आवाज होतच नाही. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही, ती दांडीवर बसली की बसली, शेजारची ओढली गेली तरी ही जागची फारशी हलत नाही. म्हणून तर आपण रात्री टॉर्च घेऊन गेलो की वाटेल ती कोंबडी फळासारखी उचलता येते, आपल्याला येते तशी त्यालाही येते. आणि एकच न्यायची तर चार का मारल्या, याचं उत्तर एवढंच की बंद जागेत जे फडफडतं त्याच्यावर ते जनावर झडप घालत राहतं, त्यात दुष्टपणा शोधू नका. पिंजऱ्याचं डोक्यातून काढून टाका. मुंगूस काय, उदमांजर काय, दोन्ही वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, पकडणं गुन्हा आहे, आणि एक पकडलं तर त्या हद्दीत दुसरं येतं.

मला एवढ्या वर्षांत एकच गोष्ट कळलीय ती सांगते. लोक कोंबडी आणताना अंड्यांचा हिशोब करतात. मी आता आधी तिचं मरण कुठून कुठून येऊ शकतं ते बघून ठेवते आणि मगच पिल्लं आणते. ऐकायला अभद्र वाटेल, माझ्या नणंदेला वाटतं, पण तसं केल्यापासून माझ्याकडे मरतुक खूप कमी झाली.

ही अक्कल सुरुवातीला नव्हती. आमची सुरुवात झाली ती बाजारातल्या रंगीत पिल्लांपासून, गुलाबी आणि हिरवी, मुलाने हट्ट केला म्हणून दहा घेतली. ती रंगवलेली पिल्लं म्हणजे अंड्यांच्या जातीचे नर असतात, हॅचरीला नकोसे झालेले, ते मला तेव्हा माहीतच नव्हतं. चार दिवसांत आठ मेली. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत न्यायची, आणि आम्ही त्यांना बुटाच्या खोक्यात फरशीवर ठेवलेलं, डिसेंबरात! सासूबाई आमच्या वेल्ह्याकडच्या, त्या तेव्हा गावी होत्या, आल्यावर म्हणाल्या, "आईशिवाय आणलीत तर आई कोण होणार होतं तुमच्यातलं?" पुढच्या वेळेला साठचा बल्ब, पुठ्ठ्याचा गोल, खाली भाताचं तूस, आणि बघायचं काय तर पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला पळाली तर उकडतंय, सगळीकडे पसरून चिवचिव करत हिंडतायत तर बरोबर. थर्मामीटर नसला तरी चालतं.

दुसरा मोठा फटका मानमोडीचा. आमच्याकडे तेव्हा सतरा होत्या आणि मी हौसेने बाजारातून एक तुऱ्याची देखणी कोंबडी आणली आणि थेट सगळ्यांत सोडली. सहा दिवसांत अकरा गेल्या. हिरवी पातळ विष्ठा, मान पिळवटलेली, पाय ओढत गोल गोल फिरणं, बघवत नाही. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात, उत्तराखंडातल्या गावाचं नाव, परदेशात न्यूकॅसल म्हणतात, आजार एकच आणि एकदा झाला की औषध नाही, फक्त लस. नवीन पक्षी आणला की तीन आठवडे लांब, वेगळं भांडं, वेगळी चप्पल, हे मी त्या अकरा कोंबड्या देऊन शिकले.

लसीचं सविस्तर सांगते कारण घरगुती पाळणारे इथेच अडकतात. लासोटा म्हणजे मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, गंबोरो रोगाची दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, लासोटा परत चौथ्या आठवड्यात, देवीची सहाव्या-आठव्या आठवड्यात, आणि आर-टू-बी, तीही मानमोडीचीच, आठव्या आठवड्यानंतर, ती टोचायची असते आणि त्याआधी देऊ नये. मरेक रोगाची लस हॅचरीत पहिल्याच दिवशी देतात, पिल्लं घेताना दिली का ते विचारून घ्या. अडचण अशी की बाटली येते शंभर डोसची नाहीतर त्याहून मोठी, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायची, बर्फात ठेवून. सहा पिल्लांसाठी शंभर डोस! म्हणून आम्ही सिंहगड रोडचे सातआठ जण पिल्लं एकाच आठवड्यात आणतो आणि रविवारी सकाळी एकाच्या अंगणात सगळी खोकी जमतात, कोणी स्कूटरवर, कोणी कारच्या डिकीत, एकजण धरतो, एकजण थेंब टाकतो, नंतर पोहे. तुमच्या भागात पाळणारे असतीलच, शोधा त्यांना. पुण्यात राहून तर लसीची सबब सांगूच नये, ती बनवणारी सरकारी संस्थाच औंधला आहे आणि पिल्लांसाठी खडकीचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे.

तसं पाहिलं तर पुणे अंड्याचंच शहर. डॉ. बी. व्ही. राव यांनी पुढाकार घेऊन १९८२ साली एनईसीसी म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली, संडे हो या मंडे वाली, रोज अंड्याचा भाव जाहीर करणारी, आणि त्यांचा व्यंकटेश्वरा ग्रुप पुण्यातलाच. म्हणून सांगते, दुकानातल्या अंड्याशी पैशात बरोबरी करायला जाऊ नका. अंडी देणारी एक कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाद्य खाते, सहा जणींचं महिन्याला वीस-बावीस किलो झालं, त्यात खुराडं, लस, आणि वर्षातून दोन महिने पिसं टाकताना ती अंडं देत नाही पण खाते तेवढंच. घरचं अंडं महागच पडतं. ज्यांना हे पटत नाही ते दीड वर्षात कंटाळून विकतात, दर वर्षी बघते.

मग ठेवायच्या कशाला? मला विचाराल तर संध्याकाळी सहा-साडेसहासाठी. ऊन उतरलं की त्या आपोआप परत यायला लागतात, कोणी हाकलायचं नाही, एकेक करून दारापाशी थांबते, मान तिरकी करून आत बघते, मग आत. आत गेल्यावर दांडीवरच्या जागेवरून भांडण, रोजचं, जिचा मान मोठा ती मधे, बाकीच्या चोच खाऊन कडेला. मग हळूहळू आवाज बदलतो, ती एक घशातली कुरकुर असते झोपायच्या आधीची, आणि मी मोजते, अकरा. सासूबाई रोज मोजायच्या, डोळ्याला दिसेनासं झालं तेव्हा माझ्याकडून मोजून घ्यायच्या. दिवेलागणीला कोंबड्या मोजल्याशिवाय दार लावायचं नाही, बाहेर राहिलेली एक म्हणजे गेलेली एक.

आणि खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवा एकदा. कावेरी सहसा खुडूक होत नाहीत, गावरान होते, एखादी ठेवाच. एकवीस दिवस बसते, दिवसातून एकदा खायला उठते, धावत येते, धावत जाते, अंगाला हात लावला तर फुगून भांड्याएवढी होते. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरलं की आत लाल कोळ्यासारख्या शिरा दिसतात, माझा मुलगा तेव्हा चौथीत होता, तो तासभर हलला नव्हता तिथून. शेवटच्या दोन दिवसांत पिल्लं अंड्याच्या आतूनच चिवचिवतात आणि ती वरून हळू आवाजात उत्तर देते. कान लावून ऐका, मी दर वेळी ऐकते. नंतर ती पिल्लं घेऊन हिंडायला लागली की अजून एक मजा, आकाशात शिक्रा दिसला तर वेगळा आवाज काढते, जमिनीवर मांजर दिसलं तर वेगळा, आणि पिल्लांना पहिल्या दिवसापासून दोन्ही कळतात, एकाला पंखाखाली पळतात, दुसऱ्याला नुसती सावध होतात. तरी शिक्रा नेतोच एखादं. मागच्या पावसाळ्याआधी नऊपैकी तीन नेली त्याने, माझ्या डोळ्यांदेखत एक, मी पाणी भरत होते चार हातांवर, हातातला पाईप सोडेपर्यंत तो आंब्यावर. आता पिल्लं सहा आठवड्यांची होईपर्यंत वरूनही जाळी.

पिल्लं काढली की निम्मे कोंबडे निघतात, हे मात्र आधीच ठरवून ठेवा. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, कोंबडीला त्याच्याशिवायही अंडं येतंच, फक्त त्यातून पिल्लू होत नाही. तुमच्या बंगल्याला भिंतीला भिंत लागून शेजारी आहेत म्हणता, मग कोंबडा ठेवूच नका, पहाटे चारला आरवतो आणि ऊन येईपर्यंत थांबत नाही, आमच्या एका शेजाऱ्यांशी दोन वर्षं बोलणं बंद होतं त्यावरून. आम्ही जादाचे कोंबडे खातो, आखाडात. सासूबाई म्हणायच्या खायच्या कोंबड्याला नाव ठेवायचं नाही, ठेवायचंच तर रस्सा ठेवा. मुलाने खरंच एकाचं नाव रस्सा ठेवलं आणि मग तो कोणालाच कापवेना, पाच वर्षं जगला दांडगट, शेवटी सासूबाईच त्याला ज्वारी टाकायच्या. तर असले नियम करून काही होत नाही, पण घरात बोलून ठेवलेलं बरं, म्हाताऱ्या कोंबड्यांचंसुद्धा. दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होत जातात आणि नीट ठेवली तर ती पुढे अजून चारपाच वर्षं जगते. आमच्याकडे त्या राहतात, किडे खातात, लिंबाखाली उकरतात, एवढं काम पुरे त्यांना.

उन्हाळ्याचं पटकन सांगते. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडी टाकून धापा टाकते, त्याच धापेमुळे अंड्याचं कवचही पातळ होतं. पत्र्याचं खुराडं असेल तर वर गवत किंवा ओलं पोतं, पाणी सावलीत, दुपारी एकदा बदलायचं. एप्रिलमध्ये अंड्यांवर बसलेली माझी एक कोंबडी पत्र्याखाली बसल्या जागी गेली, ती उठलीच नाही अंड्यांवरून, आणि मी दुपारी ऑफिसात होते. बाकी सगळ्या गेल्या त्याचं वाईट वाटतं, हिचं अजून लागतं, कारण पोतं घरात होतं.

पावसाळ्यात पिल्लांना रक्ती हगवण लागते, कारण ओलं तूस. तूस कोरडं ठेवा, गोळे झाले की उपसा, आणि विष्ठेत रक्त दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरला विचारून अँप्रोलियम पाण्यातून, उद्यावर टाकलं तर उपयोग नाही. राखमातीचा खड्डा कोरड्या जागी करून द्या, त्यात लोळून त्या स्वतःच्या उवा स्वतः काढतात, आणि लोळताना पहिल्यांदा बघितलं तर तुम्हाला वाटेल मेली की काय, एक पाय वर, डोळा मिटलेला.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. दोनतीन एकदम, कुठलीही जखम नसताना मेल्या, तुरे निळे पडले, तोंडं सुजली, तर कापून बघायचं नाही, खायचं नाही, नाल्यात टाकायचं नाही, सरळ सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, ते पुढचं बघतात. २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू आला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याला, दोन्ही वेळेला लोकांनी हौसेच्या कोंबड्या लपवल्याचं ऐकलं होतं, तसं करू नका. तुमच्या चार मात्र जनावराने मारल्या आहेत, त्याचा याच्याशी संबंध नाही. खोल पुरल्या असतील, वर चुना टाकला असेल तर ठीक.

आता लेकीचं. तिला अंडं खायचा आग्रह करू नका, महिन्याभरात खाईल किंवा नाही खाणार, काही बिघडत नाही. पण उरलेल्या दोन तिला न सांगता देऊन टाकू नका. माझ्या मुलाला त्या अकरा गेल्या तेव्हा आम्ही गावाला पाठवलं होतं आणि आल्यावर सांगितलं की विकल्या. त्याला शेजारच्या पोराकडून कळलं, तो त्यावर आजही बोलतो, पंचवीसचा आहे आता. तिला जाळी ठोकायला बरोबर घ्या, माप तिला घेऊ द्या.

जाळी अर्ध्या इंचाची वेल्ड मेश, खालचे दोन फूट आतून पत्रा किंवा फळी, म्हणजे झोपलेली दिसतही नाही. दांडी जाळीपासून निदान फूटभर आत. जमिनीवर बाहेरच्या बाजूला चारी बाजूंनी दीड फूट जाळी आडवी पसरून वर दगड-माती, उकरणारं तिथेच थांबतं. दाराला उंबरा सिमेंटचा, फटीत बोट जाता कामा नये, आणि कडी दोन, वर एक खाली एक. पहिल्या आठवड्यात ते जनावर परत येणारच, त्याला जागा माहीत झालीय, तोवर त्या दोघींना रात्री डालग्याखाली घरात किंवा गॅरेजमध्ये घ्या. अंडी सध्या बंद असतील, दोनतीन आठवडे राहतील, घाबरल्यावर होतं तसं. मका भरडा, लेयर खाद्य, शिंपल्याचा चुरा चालू ठेवा. बावधन महापालिकेत आलंय तेव्हा वॉर्ड ऑफिसला एकदा नियम विचारून घ्या, शेजाऱ्यांनी तक्रार करायच्या आधी.

आणि दोनच ठेवू नका फार दिवस, एक गेली तर दुसरी एकटी झुरते. पण नव्या आणायच्या त्या खुराडं पूर्ण झाल्यावर, आधी नाही. आणताना एका दिवसाची पिल्लं नकोत, तुमच्या दोघी त्यांना टोचून मारतील, चारपाच महिन्यांच्या तलंगा घ्या, तीन आठवडे जाळीपलीकडे ठेवा, एकमेकींना दिसतील पण चोच पोचणार नाही अशा. मग एका रात्री अंधारात उचलून दांडीवर जुन्यांच्या मधे बसवा आणि पहाटे उजाडायच्या आत तिथे हजर राहा, पहिला तास भांडण होतं, रक्त निघालं तर परत वेगळ्या करा, नाहीतर पडू नका मधे. माझ्याकडे चार तलंगा आहेत श्रावणात पिल्लं काढलेल्यांतल्या, लसी सगळ्या झाल्यात. जाळी ठोकून झाली की फोटो पाठवा, दाराखालचा नक्की, मग न्यायला या, डालगं तुमचं आणा.